बोल्ट रायफल : अचूकतेचा विकास

दाराच्या अडसराप्रमाणे पुढेमागे सरकणाऱ्या पोलादी दांड्याच्या (बोल्टच्या) साहाय्याने काडतूस कोठीत सारण्याची व कोठी घट्ट बंद करण्याची यंत्रणा असलेल्या रायफलीस बोल्ट रायफल म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातील बहुतेक पायदळांचे हे मुख्य शस्त्र होते. पुढे स्वयंचलित व अर्धस्वयंचलित रायफलींनी तिची जागा घेतली. तथापि दूरचा नेम, शिकार व स्पर्धात्मक नेमबाजी या क्षेत्रांत तिचे महत्त्व टिकून आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रायफलीची अचूकता कोणत्याही एका भागाच्या उत्तमपणावर ठरत नाही; प्रत्येक बाराच्या वेळी सर्व भागांचे वर्तन किती एकसारखे राहते, यावर ती ठरते. हे तत्त्व कारागीर, नेमबाज व शास्त्रज्ञ यांना हळूहळू उमगत गेले आणि त्याची किंमत अनेकदा रणांगणावर मोजावी लागली.

मापन : अचूकतेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. गोळ्या एकमेकींजवळ, पण लक्ष्याच्या मध्यापासून दूर पडत असतील, तर दोष नेमसाधनाच्या जुळणीत असतो व तो सहज दूर करता येतो. गोळ्या विखरून पडत असतील, तर दोष रायफलीत, काडतुसात किंवा नेमबाजात असतो. एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या पुंजक्याचा विस्तार कोनाच्या मापात सांगण्याची प्रथा आहे. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट (कला) होय. १०० मी. अंतरावर एक मिनिट म्हणजे सु. २·९ सेंमी. आणि ५०० मी. अंतरावर सु. १४·५ सेंमी. होतात. केवळ तीन गोळ्यांचा पुंजका दहा गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा सरासरीने लहानच दिसतो. म्हणून थोड्या गोळ्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरण्याचा संभव असतो.

प्रारंभीचा काळ : प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारलेली ड्रायझे यांची सुईची बंदूक ही लष्करात रुळलेली पहिली महत्त्वाची बोल्ट रायफल होय. तिचा गुण जलद भरणीत होता, अचूकतेत नव्हे. अचूकतेचा पाठपुरावा त्या काळी तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींवर चालू होता. २ जुलै १८६० रोजी इंग्लंडमधील विंबल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या संमेलनाचे उद्घाटन राणी व्हिक्टोरिया यांनी व्हिटवर्थ रायफलीचा बार उडवून केले. रायफल एका यांत्रिक टेकूवर घट्ट बसविलेली होती व ४०० यार्डांवरील (सु. ३६६ मी.) लक्ष्याच्या मध्यापासून गोळी अवघ्या सव्वा इंचावर लागली. मनुष्याचा हात बाजूला ठेवून यंत्र स्थिर केले असता किती अचूकता साधते, याचे हे जाहीर प्रात्यक्षिक होते.

पॉल माउझर (१८३८–१९१४) यांची १८९८ ची जर्मन रायफल आणि जेम्स पॅरिस ली (१८३१–१९०४) यांच्या बोल्टवर आधारलेली ब्रिटिश रायफल हे पुढील काळातील दोन प्रमुख संप्रदाय होत. माउझरच्या बोल्टला पकडणारी मुख्य कर्णे पुढे, कोठीच्या लगत असतात. लीच्या बोल्टची कर्णे मागे असतात. पुढील पकडीमुळे बोल्ट कमी दबतो. मागील पकडीमुळे तो जलद चालतो, पण बार उडताना किंचित दबतो. १८८८ ची ली-मेटफर्ड रायफल विल्यम एलिस मेटफर्ड यांनी आखलेल्या उथळ सर्पिल खोबणीची होती. कॉर्डाइट ही निर्धूम दारू प्रचारात आल्यावर तिच्या तीव्र उष्णतेने ही उथळ खोबणी लवकर झिजू लागली. म्हणून १८९५ मध्ये एनफील्ड येथील शासकीय कारखान्याने पाच खोल खोबण्यांची नळी स्वीकारली आणि ली-एनफील्ड हे नाव रूढ झाले. दारूतील बदल नळीला पेलला नाही, तर चांगली रायफलही थोड्याच दिवसांत निकामी होते, हा यातून मिळालेला पहिला धडा होता.

कंपने व दस्ता : बार उडताच नळी ताणलेल्या तारेप्रमाणे कंप पावते आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड जेथे रोखलेले असेल, त्या दिशेने ती जाते. आर्नल्फ मॅलॉक यांनी रायफलीच्या नळीच्या कंपनांवरील निबंध १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. कंपने टाळता येत नाहीत. मात्र ती दर वेळी सारखीच झाली, तर गोळ्या एकत्र पडतात. लष्करी रायफलीत नळीभोवती शेंड्यापर्यंत लाकडाचे आवरण असे. लाकूड दमट हवेत फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे नळीवरील दाब बदलतो आणि सकाळी साधलेला नेम दुपारी चुकतो. यंत्रावर तयार होणाऱ्या भागांच्या मापांत अदलाबदलीसाठी थोडी सूट ठेवावी लागते. तीमुळे एका रायफलीत धातू व लाकूड घट्ट बसतात, तर दुसरीत सैल राहतात. एकाच दिवशी तयार झालेल्या दोन रायफलींच्या अचूकतेत फरक पडतो, तो मुख्यतः यामुळेच.

लीच्या मागील पकडीचा एक अनपेक्षित लाभही दिसून आला. कमी वेगाची गोळी नळीचे तोंड किंचित वर उचललेले असताना, तर अधिक वेगाची गोळी ते खाली असताना बाहेर पडते. परिणामी दूरच्या पल्ल्यावर वेगातील फरक अंशतः भरून निघतो. जवळच्या अंतरावर सामान्य वाटणारी ली-एनफील्ड सु. ९०० मी. वर चांगली चालते, या नेमबाजांच्या अनुभवाचे कारण हेच होय.

रणांगणाची कसोटी : १९०२ नंतर ब्रिटिश लष्कराने पायदळ व घोडदळ यांच्यासाठी सु. ६४ सेंमी. नळीची एकच आखूड ली-एनफील्ड स्वीकारली. नळी जुन्या रायफलीपेक्षा साडेबारा सेंमी. हून अधिक आखूड असल्यामुळे स्पर्धेतील नेमबाजांनी व शस्त्रव्यावसायिकांनी तिच्यावर कडक टीका केली. या टीकेमुळे माउझर पद्धतीची, जाड नळीची व डोळ्याजवळ छिद्रनेम असलेली नवी रायफल १९१३ मध्ये चाचणीस काढण्यात आली. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा टीकेचे लक्ष्य झालेल्या आखूड रायफलीने शिक्षित सैनिकांच्या हाती मिनिटास पंधरा वा अधिक नेमके बार उडवून आपली उपयुक्तता सिद्ध केली. नवी रायफल .३०३ काडतुसासाठी बदलून अमेरिकेत तयार करण्यात आली व अधिक अचूक असल्याने पुढे निवडक नेमबाजांकडे गेली.

याच्या उलट उदाहरण कॅनडाच्या रॉस रायफलीचे होय. सर चार्ल्स रॉस यांच्या या सरळ ओढावयाच्या बोल्टच्या रायफलीने बिझ्ली येथील स्पर्धांत मोठे यश मिळविले होते. १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत चिखल, सततचा मारा आणि मापांत फरक असलेली काडतुसे यांमुळे तिचे बोल्ट अडकले. शत्रू चालून येत असता सैनिकांना बुटाने लाथा मारून बोल्ट उघडावे लागले आणि अनेकांनी मृत ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलल्या. १९१६ पर्यंत ती पायदळातून काढून घेण्यात आली. पण स्वच्छ जागी बसून, निवडक काडतुसे वापरणाऱ्या नेमबाजांनी ती पुढेही पसंत केली. मापांतील घट्टपणाने अचूकता वाढते, परंतु विश्वसनीयता घटू शकते, हा या प्रकरणाचा बोध होय.

खंदकयुद्धात जर्मनांनी अचूक ठरलेल्या निवडक रायफलींवर दुर्बिणी बसविल्या. ब्रिटिशांकडील दुर्बीणयुक्त रायफलींपैकी पुष्कळांची जुळणी बिघडलेली असल्याचे हेस्केथ-प्रिचर्ड यांना आढळले. त्यांनी १९१६ मध्ये फ्रान्समध्ये स्थापिलेल्या शाळेत रायफल व दुर्बीण यांची तपासणी आणि निगा यांवर भर देण्यात आला. उत्तम साधन असूनही त्याची नित्य पडताळणी झाली नाही, तर ते निरुपयोगी ठरते, हे येथे स्पष्ट झाले.

निवड व पुनर्जुळणी : १९१७ मध्ये स्वतंत्र झालेल्या फिनलंडजवळ रशियन मोसिन-नागांत रायफलींचा मोठा साठा होता; परंतु बहुतेकांच्या नळ्या झिजलेल्या होत्या. फिनिश नागरी रक्षक दलाने जुनी यंत्रणा ठेवून नव्या, अधिक जाड नळ्या बसविल्या. त्यांपैकी काही स्वित्झर्लंडच्या सिग कंपनीच्या होत्या. चाप सुधारण्यात आला. १९२८-३० च्या नमुन्यात नळी व दस्ता यांचा स्पर्श एकसारखा राहावा म्हणून पुढील भागी ॲल्युमिनियमचे वेढे घालण्यात आले. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सिमो हायहा यांनी याच प्रकारची रायफल दुर्बिणीविना वापरली. टाकाऊ समजल्या गेलेल्या यंत्रणेतून उच्च दर्जाची रायफल निर्माण होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जाड नळीच्या क्र. ४ च्या ली-एनफील्ड रायफलींतून कारखान्यातील चाचणीत सरस ठरलेल्या निवडल्या. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूककारांनी १९४२ पासून अशा वीस हजारांहून अधिक रायफलींवर तीनपट मोठे दाखविणारी दुर्बीण व गाल टेकण्याची लाकडी पट्टी बसविली आणि दस्ता हाताने जुळविला. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने मऊ लाकडाचे दस्ते धक्क्याने चेपू नयेत म्हणून त्यांत तांब्याच्या चकत्या बसविल्या.

काडतुसाचा वाटा : अमेरिकन वैद्य फ्रँकलिन मान यांनी अनेक वर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोळीच्या तळाला झालेली अल्पशी इजासुद्धा तिचा मार्ग बिघडविते, असे त्यांना आढळले. गोळीचे वजन व समतोल, दारूचे प्रमाण आणि तोट्याची जाडी यांतील फरक थेट लक्ष्यावर उमटतात. म्हणून एकाच रायफलीतून वेगवेगळ्या उत्पादनसंचांतील काडतुसे झाडून सर्वांत योग्य संच निवडणे, हा अचूकता वाढविण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

सुधारणेचे मार्ग : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बाकावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करण्याची प्रथा वाढली. तीतून पुढील उपाय सर्वमान्य झाले : (१) यंत्रणा व दस्ता यांमधील पोकळी काचतंतुमिश्रित इपॉक्सी राळेने भरून यंत्रणेस पक्की बैठक देणे, (२) यंत्रणेच्या पुढे नळी लाकडापासून संपूर्ण मोकळी ठेवणे किंवा तिला ठराविक ठिकाणी निश्चित आधार देणे, (३) बैठकीचे स्क्रू दर वेळी सारख्याच बलाने आवळणे, (४) नळीचे तोंड अक्षाला काटकोनात व निर्दोष राखणे, (५) बोल्टची कर्णे दोन्ही बाजूंनी सारखी टेकतील असे करणे, (६) हलका व खरखर नसलेला चाप वापरणे, (७) दुर्बिणीची पकड घट्ट ठेवणे. यांतील बहुतेक उपायांनी रायफलीत नवीन काही घातले जात नाही. फरक पाडणारी कारणे दूर केली जातात.

अमेरिकन मरीन दलाने १९६६ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या ७०० नमुन्यावर आधारलेली एम ४० रायफल स्वीकारली. व्हिएटनामच्या दमट हवेत तिचे लाकडी दस्ते वाकू लागले. म्हणून १९७० नंतर मरीन दलाच्या क्वांटिको येथील कारागिरांनी त्याच यंत्रणांवर काचतंतूंचे दस्ते व गंजरोधक पोलादाच्या जाड नळ्या बसविल्या. ब्रिटनने १९७० मध्ये जुन्या क्र. ४ रायफलींना ७·६२ मिमी. ची जाड, मोकळी नळी दिली. १९८० नंतरच्या दशकात ऑलिंपिक नेमबाज माल्कम कूपर यांच्या कंपनीने धातूच्या सांगाड्यावर बसविलेली नवी रायफल तयार केली, तेव्हा लाकडावरील अवलंबन संपले.

भारतातील स्थिती : बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ली-एनफील्ड तयार होऊ लागली. ब्रिटनने क्र. ४ स्वीकारल्यावरही ईशापूरने जुनाच नमुना चालू ठेवला. १९६० नंतरच्या दशकात तो ७·६२ मिमी. काडतुसासाठी अधिक मजबूत पोलादात बनविण्यात आला व नंतरच्या नमुन्यात नेमपट्टीची कमाल मर्यादा ८०० मी. ठेवण्यात आली. याच यंत्रणेची .३१५ ची रायफल नागरी परवानाधारकांसाठी तयार होत आली आहे. पुण्याजवळील खडकीचा १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना .३०३ काडतुसे तयार करीत असे आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला. हे दोन्ही २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रांची दुरुस्ती व रूपांतर हा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. त्यामुळे वर सांगितलेली कामे अधिकृत कारागिराकडूनच करवून घ्यावी लागतात.

क्रीडाक्षेत्रात ५० मी. वरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०·४ मिमी. व्यासाचे, म्हणजे सु. ०·७ मिनिटांचे असते. या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे जागतिक अजिंक्यपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. या क्रीडाप्रकारात प्रत्येक नळीसाठी काडतुसांचा संच स्वतंत्रपणे पारखून घेतात.

सद्यःस्थिती : सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या ११० नमुन्यात नळी एका मोठ्या नटाने जागच्या जागी अडकविली जाते, त्यामुळे कोठीतील अंतर कमी खर्चात नेमके साधता येते. घणाच्या ठोक्यांनी घडविलेल्या नळ्या, संगणकनियंत्रित यंत्रे, मोकळ्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या बैठका व जुळवता येणारे चाप यांमुळे पूर्वी केवळ कारागिराच्या बाकावर मिळणारी एक मिनिटाच्या आसपासची अचूकता आता मध्यम किंमतीच्या रायफलीतही आढळते आणि अनेक उत्पादक तिची हमी देतात. मात्र अशी हमी बहुधा तीन वा पाच गोळ्यांपुरतीच असते. रॉस रायफलीचा अनुभव, झिजणारी नळी व हवामानाचा परिणाम लक्षात घेता, अचूकता हा रायफलीला एकदाच प्राप्त होणारा गुण नसून सतत तपासून राखावी लागणारी अवस्था आहे, असेच म्हणावे लागते.