केशवापूरची सायकल आणि मोजणीबाहेरची माणसं

मंडळी, आमच्या केशवापुरात रेल्वेशी नातं नसलेलं जुनं घर शोधावंच लागेल. 1880च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेनं हुबळीत वर्कशॉप काढलं आणि त्यामागून गावोगावची कामगार कुटुंबं इथं येऊन राहिली. आमचे आण्णा त्यांतलेच. सगळी नोकरी त्यांनी एका काळ्या हर्क्युलसवर काढली. वर्कशॉपचा भोंगा झाला की गदग रोड सायकलींनी भरून जायचा. हँडलला डबा, पँटला क्लिप.

रस्ता तेव्हा काही रुंद नव्हता. पण टांगा, बैलगाडी, सायकल सगळ्यांची चाल सारखीच, त्यामुळे धडकलं तरी खरचटण्यावर भागायचं. रात्री दिवा नसला तर पोलीस खाली उतरवायचे. म्हणजे सायकलवाल्याला नियम होते, तसा रस्त्यावर मानही होता.

पुढे स्कूटरी आल्या, मग मोटारी. आता रस्ते रुंद झाले, पण कडेची जागा पार्किंगनं खाल्ली. तिथून सायकल जरा मधे घ्यावी तर मागून हॉर्न. सर्वोदय सर्कलला वळताना हात दाखवला तरी थांबतं कोण? 2018 पासून हुबळी-धारवाड मार्गावर चिगरी बस स्वतःच्या मार्गिकेतून धावते, ही चांगलीच सोय. पण घरापासून बसथांब्यापर्यंतचं अंतर सायकलवाल्याला त्याच गर्दीतून काढावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आता सायकल चालवतंय कोण? 2011च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हेही विचारलं होतं. देशभरात शेतीबाहेरच्या कामकऱ्यांत शंभरातले साधारण 13 जण सायकलनं जात होते, मोटारीनं तिघंसुद्धा नव्हते. सायकलला नंबरप्लेट नाही, आरटीओत नोंद नाही. म्हणून रस्ता आखताना तिचा हिशोबच होत नाही. पहाटे पेपर टाकणारा पोरगा, रात्रपाळीचा वॉचमन, गवंड्याच्या हाताखालचा माणूस, कुसुगल रोडवर उभं राहून बघा, हे सगळे आजही सायकलवरच दिसतील.

कर्नाटक सरकारनं 2006-07 पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. खेड्यातल्या कितीतरी पोरींची शाळा त्यामुळे सुटली नाही. आमच्या नातवालाही घरच्यांनी सायकल घेतली, पण ती कंपाउंडातच फिरते. सूनबाई म्हणते, "बाहेर नको." तिची भीती खोटी नाही. मी त्याच्या वयाचा असताना तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन उणकल तळ्यापर्यंत एकटा जायचो, घरी कुणी काळजी करत नसे.

दहा वर्षांच्या पोराला एकट्यानं सोडता येत नाही, तो रस्ता कितीही गुळगुळीत केला तरी गावाचा राहत नाही, एवढंच मला म्हणायचंय. तुमच्या घरी वर्कशॉपच्या सायकलीची आठवण असेल तर खाली जरूर लिहा. आणि आज तुमची मुलं शाळेला कशी जातात, तेही सांगा.