'पायनघाट' : एका संज्ञेचा अर्थ आणि वापर

'पायनघाट' ही संज्ञा फारसी 'पाईन' (खालचा) व 'घाट' या शब्दांपासून सिद्ध झाली असून, घाटाखालील सखल मुलूख असा तिचा अर्थ आहे. 'बालाघाट' ही तिची विरुद्धार्थी संज्ञा होय. वऱ्हाडात गाविलगड व अजिंठा या डोंगररांगांमधील पूर्णेच्या खोऱ्यास, म्हणजे अकोला-दर्यापूरकडील काळ्या मातीच्या प्रदेशास, पायनघाट म्हणत. दक्षिणेत मात्र पूर्व घाटाखालील, आजच्या तमिळनाडूतील अर्काटचा मुलूख 'कर्नाटक पायनघाट' म्हणून ओळखला जाई. हैदर अलीने १७८० मध्ये स्वारी केली ती याच मुलखावर. सारांश, ही संज्ञा मुळात विशिष्ट स्थळाची नसून उंचीच्या संबंधाची निदर्शक आहे. म्हणून ऐतिहासिक कागदपत्रांत नुसता 'पायनघाट' आढळल्यास, सोबतचे परगणे व गावे तपासल्याखेरीज स्थलनिश्चिती करणे योग्य ठरत नाही.