प्रसिद्धिलेख, ऑनलाइन व्यवसायाचा

प्रसिद्धिलेख, ऑनलाइन व्यवसायाचा : इंटरनेटवरून माल किंवा सेवा विकणाऱ्याने, गिऱ्हाइकाच्या उपयोगाची माहिती देत आपला व्यवसाय त्याच्यापुढे ठेवण्यासाठी लिहिलेला लेख. जाहिरात सरळ विकायला येते. प्रसिद्धिलेखाने आधी वाचणाऱ्याची एखादी अडचण सोडवायची असते. विक्री झाली तर तिच्या मागून होते. येथे या लेखनाचा विचार मुख्यतः पळसदरी व आसपासची (ता. कर्जत व खालापूर, जि. रायगड) घरगुती निवासस्थाने, फार्महाऊस आणि कृषी पर्यटन केंद्रे यांच्या संदर्भात केला आहे. यांचे गिऱ्हाईक मुंबईत किंवा पुण्यात बसून, जागा डोळ्यांनी न पाहता, मोबाइलवर चार ओळी वाचून आगाऊ रक्कम भरते. त्या चार ओळी कशा आहेत, यावर बरेच ठरते.

कल्पना इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेत शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक काढले. मराठीत या कल्पनेचा ठळक नमुना म्हणजे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे हे पत्र शं. वा. किर्लोस्कर यांनी चालवले. मालाची माहिती देता देता त्यात उद्योग, शेती, समाजसुधारणा असे विषय आले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच घरातून ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) निघाली. ज्यांना जन्मात नांगर घ्यायचा नव्हता त्यांनीही हे मासिक वाचले. प्रसिद्धिलेखाला याहून मोठे यश मिळाल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सांगणे अवघड आहे.

इंटरनेटवर सुरुवातीला मात्र उलटा प्रवास झाला. ‘ईझाइन आर्टिकल्स’सारख्या लेखसंग्रहांत एकच मजकूर शब्द इकडचे तिकडे करून टाकायचा, खाली आपल्या दुकानाचा दुवा द्यायचा आणि शोधयंत्रात वर यायचे, हा काही वर्षे धंदाच होता. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल आणला आणि या संग्रहांचे दिवस भरले. ऑगस्ट २०२२ मधील बदलाने केवळ शोधयंत्रासाठी लिहिलेल्या मजकुराला मागे ढकलायचे ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरात मजकुराची प्रत जोखण्याच्या निकषांत लिहिणाऱ्याच्या प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. गावात राहून धंदा करणाऱ्याला हे फायद्याचेच आहे, कारण दादरच्या एजन्सीत बसून लिहिणाऱ्याकडे नेमके तेवढेच नसते.

पळसदरी हे कर्जतच्या पुढचे स्थानक. पुण्याचा मुख्य मार्ग येथून बोरघाट चढू लागतो आणि खोपोलीचा फाटा वेगळा होतो. स्वामी समर्थांचा मठ, धरणाचा जलाशय आणि पावसात डोंगरावरून उतरणारे धबधबे यांमुळे येथे येणारे लोकही एका प्रकारचे नाहीत. मठात येणाऱ्या कुटुंबाला जेवणाची आणि वृद्धांच्या पायऱ्यांची चिंता असते, सोंडाई किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांना पहाटेच्या गाडीची, तर शनिवारी फार्महाऊस घेणाऱ्या कंपूला स्पीकर किती वाजेपर्यंत चालेल याची. एकाच लेखात तिघांना खूश करायला गेले की लेखात काहीच उरत नाही. परिसरातील बहुतेक मजकूर ‘शहराच्या धकाधकीपासून दूर, निसर्गाच्या कुशीत’ असा उघडतो. बदलापूरपासून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक बंगला या कुशीत आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून कोणता निवडावा हे कळत नाही. त्याऐवजी असा उतारा पाहावा :

‘खोपोली लोकल मिळाली तर थेट पळसदरीला उतरा. कर्जत लोकल मिळाली तर कर्जतला उतरून खोपोलीची पुढची गाडी बघा, नाहीतर रिक्षा करा. खोपोलीच्या गाड्या मोजक्या आहेत. परतीची वेळ निघतानाच पाहून ठेवा. आमच्या गल्लीत मोठी बस वळत नाही. पावसाळ्यात वीज जाते; इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही.’

यात एकही विशेषण धड नाही, तरी फोन येतो तो याच मजकुराला. एसी नसल्याचे वाचून दोन गिऱ्हाइके गेली तरी बिघडत नाही. ती येऊन, भांडून, एक तारा देऊन गेली असती तर नुकसान मोठे होते.

वेळ साधणे हे या लेखनाचे अर्धे अंग. लेख शोधयंत्रात रुळायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून पावसाळ्याचा लेख एप्रिलमध्ये आणि पोपटीचा दिवाळीच्या सुमारास तयार हवा. पोपटी हा मडक्यात शिजवायचा पदार्थ रायगडच्या हिवाळ्याचा खास विषय आणि लेखाला त्याच्यासारखे खाद्य नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी किंवा मसाला चोपडलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाल्याचा बोळा. मडके उपडे ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब पडत नाही, शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर शिजतात. हे क्रमाने लिहून, वाल कोणाच्या शेतातला आणि शेंगा साधारण कोणत्या आठवड्यापर्यंत मिळतील हे सांगितले, तर ‘अस्सल गावरान चव’ हे शब्द लिहायची गरज पडत नाही.

धबधब्यांचा लेख सर्वांत जास्त वाचला जातो आणि सर्वांत बेजबाबदारपणे लिहिला जातो. कर्जत-खालापुरातील धरणे व धबधबे येथे बुडून माणसे दगावतात, आणि प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी बंदी घालते. बंदी आहे की नाही हे न पाहता ‘धबधब्याखाली मनसोक्त भिजा’ लिहिणे हा नुसता वाईट मजकूर नव्हे. अशा लेखावर तारीख हवी, आणि बंदीचा आदेश निघाला की त्याच दिवशी वर तशी ओळ.

कर्जत तालुक्यातील अनुकरणीय उदाहरण नेरळजवळच्या सगुणा बागेचे. चंद्रशेखर भडसावळे यांचे हे केंद्र राज्यातील कृषी पर्यटनाच्या पहिल्या प्रयोगांपैकी आहे. भातशेतीची ‘सगुणा राइस तंत्र’ ही पद्धत त्यांनी शेतकऱ्यांपुढे मांडत नेली आणि ती शिकायला आलेल्यांकडून केंद्राचेही नाव पसरले. सांगण्यासारखे काम असले की लेखकाला फारसे कष्ट पडत नाहीत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले; त्याखाली नोंदणी असल्यास तिचा उल्लेख लेखात जरूर करावा.

भाषेबाबत एवढेच : गिऱ्हाईक मराठी असले तरी शोधताना बहुधा रोमन लिपीत टंकते आणि गावाचे नाव ‘Palasdari’, ‘Palasdhari’ असे दोन्ही तऱ्हांनी लिहिते. दोन्ही रूपे मजकुरात सहज एकदा यावीत. दर ओळीत कोंबली की वाचणारा पळतो.

कायद्याची बाजू आता हलकी राहिलेली नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. पैसे किंवा फुकट मुक्काम घेऊन शिफारस केली असेल तर तो संबंध उघड करावा, असे २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. जमिनीच्या लेखांत तर फार जपावे लागते. ‘कर्जतमध्ये फार्महाऊस प्लॉट’ या मथळ्याखाली विकली जाणारी जमीन शेतीची असेल, तर १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. माथेरानभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २००३ मध्ये जाहीर झाले असून त्यात आसपासच्या काही गावांवर बांधकामाची बंधने आहेत. प्रकल्प महारेरा या स्थावर संपदा नियामकाकडे नोंदणीपात्र असेल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. लेखाच्या रूपात केलेली जाहिरात ही जाहिरातच धरली जाते, तेव्हा सातबारा आणि बिगरशेती (एनए) वापराची कागदपत्रे पाहिल्याखेरीज अशा प्लॉटवर एक ओळही लिहू नये.