पाच अक्षरी शब्दांची यादी कोण करतं?

मंडळी, माझ्या मित्रयादीतले बरेच जण रोज सकाळी वर्डलचे हिरवे-पिवळे चौकोन टाकतात. मीही खेळतो. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न. कुठली अक्षरं आहेत ते कळत जातं, त्यावरून शब्द ओळखायचा. निरुपद्रवी खेळ. पण याच खेळातला एक शब्द 2022 साली अमेरिकेच्या राजकारणात अडकला होता. तो किस्सा सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल.

1930च्या दशकातली महामंदी. आल्फ्रेड बट्स नावाच्या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टची नोकरी गेली. रिकाम्या वेळात त्याने शब्दांचा खेळ बनवायला घेतला. कुठलं अक्षर किती वेळा लागतं हे ठरवण्यासाठी तो वर्तमानपत्र घेऊन बसला आणि पानावरची अक्षरं मोजत सुटला. आज स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांमध्ये 'ई' 12 वेळा येतो आणि 'क्यू' एकदाच, त्याचं मूळ या मोजणीत आहे. पण 'एस' त्याने मुद्दाम कमी ठेवला, फक्त 4. कारण एस जोडला की अनेकवचन तयार, खेळ फार सोपा होतो. म्हणजे मोजणी झाल्यावरही शेवटचा निर्णय माणसाचाच होता. 1948 साली जेम्स ब्रुनोने हा खेळ स्क्रॅबल या नावाने बाजारात आणला.

मग भांडण सुरू झालं ते "हा शब्द आहे की नाही" यावरून. प्रत्येकाच्या घरी वेगळा कोश. म्हणून 1978 साली अमेरिकेत खेळाडूंसाठी खास स्क्रॅबलचा कोश निघाला. वाद मिटला असं वाटलं. पण 1990च्या दशकात काही वाचकांच्या लक्षात आलं की या कोशात ज्यूंना, कृष्णवर्णीयांना हिणवणारे शब्दही आहेत. तक्रारी झाल्या. कंपनीने शंभराहून अधिक शब्द वगळायचं ठरवलं. त्यावर स्पर्धेत खेळणारे खवळले. त्यांचं म्हणणं, आम्ही अर्थ खेळत नाही, अक्षरं खेळतो. शेवटी तडजोड निघाली: दुकानात मिळणारा कोश सोज्वळ, आणि स्पर्धेसाठी वेगळी यादी, जिच्यात ते शब्द होते. ही तडजोड पुढे वीसेक वर्षं टिकली. 2020 साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर वातावरण बदललं आणि उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीतूनही दोनशेहून अधिक अपशब्द गेले.

आता वर्डल. जॉश वॉर्डल या प्रोग्रामरने तो बनवला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 निघाले. त्यातले बहुतेक कोणी आयुष्यात ऐकलेले नसतात. मग त्याच्या जोडीदाराने एकेक शब्द पाहून ओळखीचे असे अडीच हजारांच्या आसपास निवडले. जगभर लाखो लोक ज्या उत्तरांवर डोकं खाजवत होते, ती मुळात एका घरात बसून केलेली निवड होती!

जानेवारी 2022च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने हा खेळ विकत घेतला आणि यादीला कात्री लावली. 'स्लेव्ह' आणि 'लिंच' गेले. 'अगोरा', म्हणजे ग्रीक शहरातला बाजारचौक, तो अवघड म्हणून गेला. 'फायबर' ब्रिटिश स्पेलिंगमुळे गेला. आणि मग मे महिना आला. गर्भपाताच्या हक्कावरचा सुप्रीम कोर्टाचा मसुदा 2 मे रोजी फुटला, देश पेटला. 9 मेचं उत्तर होतं 'फीटस', म्हणजे गर्भ. शब्द आधीच्या वर्षीच यादीत बसलेला, योगायोग होता. टाइम्सने घाईघाईने तो बदलून 'शाइन' केला. पण ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुनी आवृत्ती होती त्यांना 'फीटस'च आला. त्या दिवशी एकाच खेळाची दोन उत्तरं होती. गंमत म्हणजे हाच शब्द ब्रिटनमध्ये एक 'ओ' जास्त घालून सहा अक्षरी लिहितात. तिथल्या माणसाने खेळ बनवताना स्वतःचं स्पेलिंग धरलं असतं, तर हा शब्द यादीत आलाच नसता.

म्हणजे शब्द किती अक्षरी, हेही कोणीतरी ठरवलेलं असतं. आपल्याकडे बघा. मराठी शब्दकोड्यात 'स्वातंत्र्य'ला तीन चौकोन पुरतात, कारण आपण एका चौकोनात अख्खं जोडाक्षर बसवतो. तो आपला संकेत, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मी हे सगळं का लिहितोय? कारण आपल्या घरांत इंग्रजीच्या याद्या देववाणीसारख्या घेतल्या जातात. पाच अक्षरी शब्द, अमुक अक्षराने सुरू होणारे शब्द, पाठ कर. मुलांनी जरूर करावं. पण त्यांना हेही सांगा की त्या यादीत 'रुपी' आहे, 'क्रोर' आहे, 'धोती' आहे, आणि 'मॉन्गूस' तर आपल्या मुंगसावरूनच गेलाय. यादी माणसं करतात, वाढवतात, कापतात.

अपशब्द खेळातून काढले याचं मला वाईट वाटत नाही. संध्याकाळी नातवंडांसोबत खेळताना ते कोणालाच नको असतात. कोशातून मात्र ते जाऊ नयेत, कारण कोणी कोणाला काय म्हणून हिणवलं याचा तो पुरावा असतो. आणि काढणाऱ्याने उघडपणे सांगून काढावं. 'फीटस'च्या वेळी टाइम्सने निदान जाहीर खुलासा केला. तेवढा खुलासा प्रत्येक यादी करणाऱ्याकडून मागायला हवा, मग ती यादी खेळाची असो, पाठ्यपुस्तकातल्या शब्दांची असो की मतदारांची.

तुमच्या मते, खेळातून शब्द काढणं बरोबर की चूक? कमेंटमध्ये लिहा. भांडा, पण अपशब्द नकोत!