युद्धाची बातमी परदेशात कशी पोचते : बारामती-इंदापूरचा धागा आणि १९४२ चा अनुभव

मे २०२५ मध्ये भारत सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर पाठवली. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झाले, १० मे रोजी गोळीबार थांबला आणि लगेच 'आपली बाजू' सांगायची मोहीम निघाली. त्यातल्या एका शिष्टमंडळाचे नेतृत्व बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांच्याकडे होते. कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्त हे त्यांचे चार देश. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ याच लोकसभा मतदारसंघात येतात. म्हणून हा विषय आम्हाला दूरचा वाटत नाही.

सरकारने बोलायला कोणाला पाठवले, हे आधी पाहू. सुळे विरोधी बाकावरच्या. त्यांच्यासोबत भाजपचे अनुराग ठाकूर आणि राजीव प्रताप रूडी होते, काँग्रेसचे मनीष तिवारी आणि आनंद शर्मा होते, शिवाय संयुक्त राष्ट्रांत भारताचे प्रतिनिधी राहिलेले सय्यद अकबरुद्दीन होते. घरी एकमेकांवर तुटून पडणारी माणसे परदेशात एका टेबलावर बसतात, तेव्हा ती काय बोलतात यापेक्षा ती एकत्र बसली आहेत हाच संदेश जास्त पोचतो. रोजच्या पत्रकार परिषदांचेही तेच. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्या बाजूला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग बसल्या. दोन महिला अधिकारी, त्यातली एक मुस्लिम. हा देश कसा आहे हे जगाला एका चौकटीत दाखवायचे होते, आणि ते चित्र जगभर गेलेही.

देशांची निवडही बघण्यासारखी आहे. पाकिस्तान तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सदस्य होता. परिषदेतले इतर बहुतेक अस्थायी सदस्य, म्हणजे अल्जीरिया, डेन्मार्क, ग्रीस, गयाना, पनामा, दक्षिण कोरिया, सिएरा लिओन, स्लोव्हेनिया, भारताच्या शिष्टमंडळांच्या यादीत होते. सुळे यांच्या वाट्याला आलेल्या देशांपैकी इथिओपियात आफ्रिकी संघाचे मुख्यालय आहे, दक्षिण आफ्रिकेकडे त्या वर्षी जी-२० चे अध्यक्षपद होते, तर कतार आणि इजिप्त हे मध्यस्थीच्या राजकारणातले जुने खेळाडू. पाकिस्ताननेही बिलावल भुट्टो झरदारी यांच्या नेतृत्वाखाली आपले शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपात पाठवले. दोन्ही बाजूंचे हत्यार एकच होते.

आता घरचे बघा. २६ एप्रिललाच माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नका, असे वाहिन्यांना कळवले. सैनिकांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच होते. पण थेट प्रक्षेपण थांबले म्हणून कल्पनाविस्तार थांबला नाही. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. ते खोटे निघाले. त्या रात्री आमच्या गावाकडच्या ग्रुपवर ती क्लिप किती वेळा फिरली याची गणती नाही, आणि फिरवणाऱ्यांत आपलीही पोरे होती. याच काळात आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश मिळाल्याचे एक्स कंपनीने जाहीर केले. 'द वायर' हे संकेतस्थळही काही काळ बंद राहिले.

सगळ्यात बोलकी गोष्ट ३१ मेची. भारताची लढाऊ विमाने पडली का, या प्रश्नाला देशात तीन आठवडे सरळ उत्तर मिळत नव्हते. काही विमाने गमावली, हे संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये परदेशी वृत्तसंस्थांना दिलेल्या मुलाखतीत मान्य केले. आकडा दिला नाही, आणि सहा विमाने पाडल्याचा पाकिस्तानचा दावा फेटाळला. म्हणजे कबुली परदेशात आधी आणि घरी नंतर पोचली. खासदारांचेही तसेच झाले. त्या मे-जूनमध्ये दोहा, अदिस अबाबा, कैरोत बोलल्या, पण लोकसभेत या विषयावर चर्चा सुरू व्हायला २८ जुलै उजाडला. विशेष अधिवेशनाची मागणी विरोधकांनी केली होती, सरकारने मानली नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा दोष इथे आहे. परदेशात बाजू मांडणे हे कुठल्याही सरकारचे कामच आहे, पण मतदारांना दुसऱ्या रांगेत बसवणे हे नाही.

हे तंत्र नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात 'परदेशी श्रोते' आपणच होतो. १९४२ मध्ये बीबीसीने लंडनहून मराठी प्रसारण सुरू केले. जॉर्ज ऑर्वेल तेव्हा बीबीसीच्या पौर्वात्य विभागात नोकरीला होते. ते इंग्रजीत युद्धवार्तेचा मजकूर लिहीत आणि तो मराठी, गुजरातीसारख्या भाषांत उतरवला जाई. त्यांच्यासोबत वेणू चितळे ही मराठी बाई काम करत होती. प्रत्येक मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जाई. समोरच्या बाजूने बर्लिनहून सुभाषबाबूंचे आझाद हिंद रेडिओ बोलत होते. एकाच युद्धाच्या दोन बातम्या हवेत होत्या.

ब्रिटिशांचा दुसरा श्रोता अमेरिका. 'छोडो भारत' नंतर काँग्रेसचे नेते तुरुंगात होते आणि अमेरिकी जनमत भारताच्या बाजूला झुकत होते. तेव्हा ब्रिटिश प्रचाराने अमेरिकेत हिंदू-मुस्लिम फूट आणि अस्पृश्यता पुढे केली. आपले दुःख खरे होते, ते सांगण्यामागचा हेतू मात्र साम्राज्य टिकवण्याचा होता. ज्या सरकारला अस्पृश्यांची एवढी काळजी दाखवायची होती, त्याच सरकारने १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी 'द स्टेट्समन'ने भुकेल्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे झाकण उघडले.

या कोंडीत बाबासाहेब उभे होते. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्यामुळे 'इंग्रजांचे हस्तक' हा शिक्का मारणे विरोधकांना सोपे गेले, आणि आजही तो मारला जातो. पण त्यांनी आपली बाजू सरकारी प्रचार खात्यावर सोडली नाही. डिसेंबर १९४२ मध्ये कॅनडात क्यूबेक प्रांतात झालेल्या पॅसिफिक परिषदेसाठी त्यांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर स्वतः प्रबंध लिहिला, तो १९४३ मध्ये पुस्तकरूपाने आला. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात तर एक अख्खे प्रकरण परदेशी वाचकाला उद्देशून आहे. राज्यकर्ता वर्ग मागतो ते स्वातंत्र्य म्हणजे सगळ्यांचे स्वातंत्र्य असे समजू नका, हा त्याचा आशय. वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रे एका वर्गाच्या हाती आहेत, आपल्याला स्वतःचे वृत्तपत्र नाही, हे त्यांचे जुने गाऱ्हाणे होते. बाहेरच्या जगाला आपली बातमी कोण सांगणार, हा प्रश्न त्यातूनच आला होता.

ही दोन्ही पुस्तके महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या नवव्या खंडात आहेत. मजूर सदस्य असतानाची भाषणे दहाव्या खंडात आहेत, त्यात १९४२ चे मुंबई आकाशवाणीवरचे भाषणही आहे. हिंदी कामगार हे युद्ध का जिंकू इच्छितो, हा त्याचा विषय. ते सरकारी रेडिओवरून झालेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. मग पुढचा प्रश्न सोपा होतो : त्यातले सरकारचे किती आणि बाबासाहेबांचे किती?