हो, मला खात्री आहे!

मागच्या शुक्रवारी हापिसात मी टेस्टचा समजून भलताच डेटाबेस उडवला. बॅकअप होता, दोन तासांत सगळं परत आलं, नोकरी शाबूत आहे. पण मॅनेजरने विचारलेला प्रश्न काही डोक्यातून जाईना. "अरे, 'खात्री आहे का?' असं स्क्रीनवर आलं नव्हतं का?"

आलं होतं ना! पण ते रोजच येतं, दिवसातून वीस-तीस वेळा. बोट आपोआप 'हो'वर जातं.

शनिवारी मावशी आली. सांगलीकडे एका हॉस्पिटलात तिने तीस वर्षं नर्स म्हणून काढली. तिला हा किस्सा रंगवून सांगितला, तर ती हसलीच नाही. म्हणाली, "तुझा डेटा परत आला रे. आमच्याकडे माणूस परत येत नाही."

झालं, सगळा वीकेंड हेच वाचण्यात गेला. हॉस्पिटलात औषधं देणारी यंत्रं आली कशी, आणि त्यांनी चुका थांबवल्या का?

गोष्ट अमेरिकेतली आहे. पूर्वी तिकडेही वॉर्डात औषधांचं कपाट असे आणि नर्स त्यातून हाताने डोस काढून देई. चूक झालीच तर तिने स्वतःच रिपोर्ट लिहायचा. 1962 साली बार्कर आणि मॅक्कॉनेल या संशोधकांनी वेगळी पद्धत मांडली. रिपोर्ट मोजायचे नाहीत, नर्स औषध देताना प्रत्यक्ष पाहायचं. चुका रिपोर्टपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाल्या. लपवाछपवी हे त्याचं मुख्य कारण नव्हतं. चूक झाल्याचं बहुतेक वेळा कुणाला कळतच नव्हतं. (लॉगमध्ये एरर नाही म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे, असं मानणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

साठच्या दशकातच एकेक डोस फार्मसीतून वेगळा पॅक करून, लेबल लावून पाठवायची पद्धत सुरू झाली. मग 1987 साली सॅन डिएगोत पिक्सिस ही कंपनी निघाली. तिचं कपाट म्हणजे औषधांचं एटीएमच! पासवर्ड टाका, पेशंट निवडा, औषध निवडा, खण उघडतो. कुणी, कधी, किती काढलं याची नोंद आपोआप होते. अंमली औषधांचा हिशोब आणि बिलिंग दोन्ही सुटसुटीत झालं. पण सुरुवातीच्या कपाटांना 'कुणी काढलं' हे जितकं नीट कळायचं, तितकं 'हे औषध याच पेशंटचं का' हे कळत नव्हतं.

तो दुवा सापडला भाड्याच्या गाडीत. कॅन्सस राज्यातल्या टोपीका इथे, माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात सू किनिक नावाची नर्स होती. 1992 साली भाड्याची गाडी परत करताना तिने पाहिलं, की तिथला माणूस हातातल्या स्कॅनरने गाडीचा बारकोड वाचतोय. गाडीसाठी हे होतं, तर औषधासाठी का नाही? पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, औषध स्कॅन करायचं, जुळलं तरच द्यायचं. 1999 पासून ही पद्धत देशभरातल्या सैनिकी हॉस्पिटलांत गेली. त्याच वर्षी 'टू एर इज ह्युमन' हा अहवाल आला. वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसं मरतात, असा त्यातला अंदाज होता. 2004 साली तिथल्या सरकारने बहुतेक औषधांवर बारकोड सक्तीचा केला.

मग प्रश्न सुटला? नाही ना!

2006 साली इंडियानापोलिसच्या मेथडिस्ट हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डातल्या कपाटात हेपॅरिनच्या चुकीच्या बाटल्या भरल्या गेल्या. मिलिलिटरला 10 युनिटऐवजी 10,000 युनिटच्या. खण बरोबर, नाव बरोबर, ताकद हजारपट. सहा बाळांना ओव्हरडोस गेला, त्यातली तीन दगावली. खणात जे ठेवलं, तेच कपाटाने दिलं.

आणि डिसेंबर 2017, नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट हॉस्पिटल. स्कॅनसाठी आलेल्या 75 वर्षांच्या बाईंना शांत वाटावं म्हणून 'व्हर्सेड' द्यायचं होतं. नर्स रॅडोंडा वॉटने कपाटावर नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. कपाट शोधत होतं मूळ नावाने, म्हणजे मिडाझोलॅम. मिळेना. तिने 'ओव्हरराईड' दाबलं. आता त्याच दोन अक्षरांवर आलं व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करून श्वास थांबवणारं औषध. बाटलीच्या टोपणावर इशारा छापलेला होता. त्या विभागात बारकोडचा स्कॅनर नव्हता. बाई गेल्या. 2022 साली कोर्टाने वॉटला दोषी ठरवलं आणि तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं. इशारे वाचले नाहीत ही चूक तिने मान्य केली होती. पण त्या दिवसांत ओव्हरराईड करणं रोजचंच झालं होतं, असंही तिने सांगितलं.

ओव्हरराईड काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. पण पेशंटचा जीव जात असताना फार्मसीच्या परवानगीसाठी कोण थांबेल? ती पळवाट लागणारच. गडबड होते ती पळवाटेचा हमरस्ता झाला की. रोज दिसणारा इशारा हा इशारा राहतच नाही, नुसता एक जास्तीचा क्लिक होतो. अमेरिकेत औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या एका संस्थेने आता कपाटात औषध शोधताना किमान 5 अक्षरं टाइप करायला लावा, अशी शिफारस केली आहे. उपाय केवढासा!

रविवारी मावशीला विचारलं, तुमच्याकडे तर यंत्र नव्हतं, मग?

"लेबल तीनदा वाचायचं. कपाटातून काढताना, डोस काढताना, परत ठेवताना. आणि पेशंटला 'तुम्ही पाटील ना?' असं कधी विचारायचं नाही. झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं नाव काय?' असं विचारायचं."

सोमवारी हापिसात जाऊन पहिलं काम केलं. आमच्या स्क्रिप्टमधला 'हो / नाही' काढून टाकला. आता डेटाबेस उडवायचा असेल, तर त्याचं पूर्ण नाव टाइप करावं लागतं. टीममधल्या दोघांनी लगेच कुरकुर केली.

संध्याकाळी मावशीला फोन करून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आता नाव विचारता. बरं झालं."