दोन ड्रॅगन एज आणि एक डेडलाईन

मंडळी, "दुसऱ्या भागात मजा नाही" हे आपण सिनेमांबद्दल नेहमी म्हणतो. गेम्समधलं ठळक उदाहरण म्हणजे 'ड्रॅगन एज'.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने 'ओरिजिन्स'ची घोषणा केली २००४ मध्ये, गेम आला नोव्हेंबर २००९ मध्ये! कथेला सहा वेगवेगळ्या सुरुवाती. पीसीवर कॅमेरा उंच न्यायचा, लढाई थांबवायची, चौघांना हुकूम द्यायचे, मगच पुढे. बुद्धिबळच जणू. मी पडलो नाशिककर, मला संथच आवडणार!

दुसरा भाग जेमतेम सोळा महिन्यांत, मार्च २०११ मध्ये आला. मारामारी झटपट, उंच कॅमेरा गायब, आणि त्याच त्या गुहा इतक्यांदा भेटतात की भिंती पाठ होतात.

पण कल्पना जबरी होती: जग वाचवण्याऐवजी हॉक नावाच्या निर्वासिताची एकाच शहरातली कित्येक वर्षं. तिला खरं तर पहिल्या भागाइतकाच वेळ हवा होता.

२०१४ च्या 'इन्क्विझिशन'मध्ये वरचा कॅमेरा परतला. हॉकचं शहर मात्र अर्धवटच राहिलं. पुढच्या वेळी मॅनेजर तारीख अलीकडे ओढायला लागला की त्याला या गुहा दाखवा. असो.